तेलांतील पाणी आणि विजेची ओढ

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या शेताच्या आसपास खनिज तेलाचीं दोन भांडीं असतात. एक डिझेलचें पिंप, ज्यास आपल्याकडे टिपाड म्हणतात. आणि दुसरें खांबांवर चढविलेलें विजेचें रोहित्र, ज्यास लहानथोर सर्वजण डीपी म्हणून ओळखतात. पहिल्यांतील तेल जाळण्याचें, दुसऱ्यांतील तेल न जळतां वर्षानुवर्षें आंतच राहण्याचें. दोहोंचा शत्रु मात्र एकच, आणि तो म्हणजे पाणी. इंजिनाच्या तेलांत पाणी उतरलें तर नोझल खराब होतें आणि ऐन भिजवणीच्या दिवसांत मिस्त्रीच्या दारीं बसावें लागतें. रोहित्राच्या तेलांत उतरलें तर एकट्यादुकट्याचेंच नव्हे, त्या डीपीवरील सर्व शेतकऱ्यांचे पंप एकदम बंद पडतात.

धर्माबाद तालुक्यांत ही गोष्ट विशेष जाणवते. बाभळीच्या बंधाऱ्याचीं दारें सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या निकालाप्रमाणें १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडीं ठेवावीं लागतात. त्यानंतर दारें बंद होतात, गोदावरींत पाणी थांबतें, आणि नदीकांठचे पंप कामास लागतात. म्हणजे पावसाळाभर पडून राहिलेलें इंजिन, आणि पावसाळाभर दमट हवा ओढलेलें रोहित्र, यांस एकदम जुंपावें लागतें. अशा वेळीं मिरचीस पाण्याची ओढ लागलेली असतां तेलांतील पावशेर पाण्यानें साऱ्या शिवाराचें पाणी अडावें, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे.

मुंबईस माहुलच्या तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत हेंच तेलांतील पाणी विजेच्या योगानें काढून टाकतात. ज्या ओढीनें आपल्या शिवारांतील रोहित्रास धोका होतो, त्याच ओढीनें तेथें तेल स्वच्छ होतें. ही ओढ कोणती आणि ती कशी चालते, हें या लेखांत आम्ही सांगणार आहों. तें एकदां समजलें म्हणजे आपल्या टिपाडासाठीं विजेचें यंत्र घ्यावें कीं नाहीं, याचा निर्णय ज्याचा त्यास करतां येईल.

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहींत, असा आपला नेहमींचा समज आहे व तो पुष्कळ अंशीं खरा आहे. एका भांड्यांत दोन्ही ओतून ठेवलीं तर पाणी तळाशीं जातें व तेल वर राहतें. पण तींच दोन्ही पंपांतून, नळांतून व तोट्यांतून जोरानें घुसळलीं गेलीं म्हणजे पाण्याचे इतके बारीक थेंब होतात कीं ते तेलांत लोंबकळत राहतात, आणि तेल गढूळ किंवा दुधट दिसूं लागतें. याचें उत्तम उदाहरण आपल्या घरांतच आहे. लोणी म्हणजे स्निग्धांशांत अडकून पडलेलें पाणीच होय. शेंकडा सोळा भाग, व घरच्या लोण्यांत कधीं त्याहूनहि अधिक, पाणी असतें. तें लोणी आठ दिवस ठेविलें तरी पाणी आपण होऊन निराळें होत नाहीं. गृहिणी तें कढविते, पाणी वाफ होऊन निघून जातें, तडतड थांबते, आणि तूप झालें असें ती आवाजावरून ओळखते. तेलांतील पाणी काढण्याची ही सर्वांत जुनी रीत. परंतु रोज हजारों टन तेल अशा रीतीनें कढवीत बसणें कोणासहि परवडणार नाहीं.

थेंब किती वेगानें खालीं बसेल याचा नियम केंब्रिज येथील गणिती स्टोक्स यानें १८५१ सालीं बसवून दिला. त्याचें मर्म इतकेंच कीं वेग हा थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. व्यास दसपट झाला तर वेग शंभरपट होतो. पाणी व तेल यांच्या भारांतील फरक जितका अधिक तितका वेग अधिक, आणि तेल जितकें दाट तितका तो कमी. आम्हीं साधारण डिझेल धरून हिशेब करून पाहिला. दोनशें लिटरांचें उभें टिपाड सुमारें ८८ सेंटिमीटर उंच असतें. मिलिमीटराच्या दहाव्या भागाइतक्या व्यासाच्या थेंबास वरून तळाशीं येण्यास पाऊण तास लागतो. शंभराव्या भागाइतका थेंब असेल तर सव्वातीन दिवस लागतात. आणि हजाराव्या भागाइतक्या थेंबास सुमारें अकरा महिने लागतील. तेहि टिपाडास कोणी हात लावला नाहीं व उन्हानें तेल आंतल्या आंत फिरलें नाहीं तर. म्हणजे व्यवहारांत तो थेंब बसतच नाहीं असें धरावें. जमिनींतून निघणारें कच्चें तेल डिझेलाहून पुष्कळ दाट असतें आणि त्याचा भार पाण्याच्या भाराशीं अधिक जवळ असतो. तशा दाट तेलांत मिलिमीटराच्या शंभराव्या भागाचा थेंब तासाभरांत एक मिलिमीटरहि उतरत नाहीं.

यावरून उपाय कोणता हें उघड होतें. थेंब लहान आहेत म्हणून बसत नाहींत; ते एकमेकांत मिसळून मोठे झाले कीं काम आपोआप होईल. पण ते मिसळत कां नाहींत? याचें कारण थेंबाभोंवतीं धरलेली साय. कच्च्या खनिज तेलांत डांबरासारखीं द्रव्यें असतात, सोयाबीनच्या तेलांत लेसिथिन नांवाचें चिकट द्रव्य असतें; अशीं द्रव्यें पाण्याच्या प्रत्येक थेंबावर पातळ पापुद्रा धरतात. दोन थेंब जवळ आले तरी सायीस साय लागते आणि ते आल्या वाटेनें परत फिरतात. ही साय भेदून थेंबांस थेंब मिळवून देणें, एवढेंच विजेचें काम आहे. वीज पाणी उकळीत नाहीं, जाळीत नाहीं, कीं त्याचे घटक वेगळे करीत नाहीं. ती फक्त थेंबांची गांठ घालून देते. पुढचें काम पृथ्वीचें गुरुत्वाकर्षण करतें.

विजेच्या अंगीं हा गुण आहे हें प्रथम तेलांत नव्हे, तर कारंज्यांत दिसून आलें. इंग्लंडांतील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं १८७९ सालीं आपल्या निबंधांत असें दाखविलें कीं, बारीक कारंज्याची धार वर जाऊन फुटली म्हणजे तिचे थेंब एकमेकांवर आपटून चेंडूसारखे उडतात व चोहोंकडे पसरतात. पण घासलेली लाखेची कांडी जवळ आणली कीं तेच थेंब एकमेकांस भेटतांच मिळून जातात आणि धार एकत्र राहते. लाखेची कांडी घासून येणारी वीज ती किती! कंगवा केसांवरून फिरवून कागदाचे कपटे उचलणाऱ्या मुलांच्या हातीं असते तितकीच. एवढ्या थोड्या विजेनें थेंबांचा स्वभाव पालटतो.

आतां हें कसें घडतें तें पाहूं. तेलांतून वीज जवळजवळ वाहत नाहीं, आणि पाण्यांतून, विशेषतः खाऱ्या पाण्यांतून, ती सहज वाहते. साऱ्या गोष्टीचें मूळ येथें आहे. धातूचे दोन पत्रे तेलांत समोरासमोर धरून त्यांस मोठ्या दाबाची वीज जोडली म्हणजे मधल्या तेलांत एक प्रकारचा ताण उत्पन्न होतो. त्यास विद्युत्क्षेत्र म्हणतात. या ताणांत सांपडलेल्या पाण्याच्या थेंबांतील वीज दुभंगते. धन पत्र्याकडील टोकास ऋण वीज गोळा होते आणि ऋण पत्र्याकडील टोकास धन. एकंदरींत थेंबांत वीज वाढलेली नसते, पण त्याचीं दोन टोकें परस्परविरुद्ध झालेलीं असतात. आतां असे दोन थेंब ताणाच्या दिशेनें पुढेंमागें आहेत असें समजा, बाजारास निघालेल्या गाड्या एकीमागें एक असाव्या तसे. पुढच्याच्या मागल्या टोकास धन वीज असेल तर मागच्याच्या पुढल्या टोकास ऋण असते. विरुद्ध विजा एकमेकींस ओढतात हें सर्वश्रुत आहे. थेंब जवळ येतात, सायीवर ताण पडून ती फाटते, आणि दोहोंचा एक होतो. जे थेंब जुंपलेल्या बैलांप्रमाणें शेजारीं शेजारीं असतात ते मात्र एकमेकांस दूर सारतात. म्हणून विजेच्या ताणांत थेंबांच्या ओळीच्या ओळी लागलेल्या दिसतात. ही ओळ ध्यानांत ठेवावी. रोहित्राचें प्रकरण पुढें येईल तेव्हां तिचें काम पडणार आहे.

या ओढीचें माप थोडें नवलाचें आहे. विजेचा ताण दुप्पट केला तर ओढ चौपट होते. पण थेंबांमधील अंतर निम्में झालें तर ती, स्थूलमानानें, सोळापट होते. म्हणून दूर दूर असलेल्या थेंबांस वीज फारसें कांहीं करीत नाहीं, आणि जवळ आलेल्यांस ती झडप घालून एकत्र करते. तेलांत पाणी अगदींच थोडें असेल तर हा उपाय मंद चालतो, हें त्यामुळेंच.

वीज आलटून पालटून दिशा बदलणारी, म्हणजे आपल्या घरांत येते तशी एसी असली तरी चालते, इतकेंच नव्हे तर बहुधा तीच वापरतात. सेकंदास पन्नास आवर्तनें झालीं तरी दर वेळीं दोन्ही थेंबांचीं टोकें एकदमच पालटतात, आणि समोरासमोरचीं टोकें विरुद्धच राहतात. ओढ कायम राहते. हल्लींच्या कांहीं यंत्रांत दोन्ही प्रकारची वीज एकत्र वापरण्याची युक्ति केलेली असते, पण तिच्या खोलांत शिरण्याचें येथें कारण नाहीं.

हें तत्त्व तेलाच्या धंद्यांत आणण्याचें श्रेय अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांस आहे. कारखान्यांच्या धुरांतील व आम्लाच्या धुक्यांतील कण विजेनें पकडण्याचें यंत्र त्यांनीं आधीं सिद्ध केलें होतें. कॅलिफोर्नियांतील विहिरींचें तेल पाण्याशीं इतकें कालवून निघत असे कीं तें विकलें जाईना. हवेंतील कण विजेनें गोळा होतात तर तेलांतील थेंब कां होऊं नयेत, या विचारानें त्यांनीं स्पीड या सहकाऱ्याबरोबर प्रयोग केले, आणि १९११ सालीं त्या दोघांस त्याचें पेटंट मिळालें. सहकारी संस्थेच्या मासिकांत एक गोष्ट जातां जातां सांगण्यासारखी आहे. कॉट्रेल यांनीं आपल्या धुराच्या यंत्राचे हक्क स्वतःच्या लाभासाठीं न ठेवतां १९१२ सालीं स्थापन झालेल्या एका संस्थेस देऊन टाकले, आणि त्यांतून येणारा पैसा शास्त्रीय संशोधनास लावण्याची व्यवस्था केली.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर समुद्राच्या तळाखालीं, मुंबई हाय म्हणून जें क्षेत्र आहे तेथें १९७४ सालीं तेल सांपडलें आणि १९७६ च्या मे महिन्यांत तें प्रत्यक्ष निघूं लागलें. समुद्रतळावरील नळांतून तें उरणच्या किनाऱ्यास येतें. तेलाबरोबर खडकांतलें खारें पाणीहि वर येतें. आणि क्षेत्र जितकें जुनें होतें तितका पाण्याचा वांटा वाढत जातो, हा सर्व तेलक्षेत्रांचा अनुभव आहे. मुंबईस माहुलच्या बाजूस दोन मोठे शुद्धीकरण कारखाने आहेत. एक १९५४ सालीं व दुसरा १९५५ सालीं परदेशी कंपन्यांनीं सुरू केला. पुढें अनुक्रमें १९७४ व १९७६ सालीं ते राष्ट्राच्या मालकीचे झाले, आणि आज हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नांवांनीं ओळखले जातात. तेथें देशांतील तेलाबरोबर जहाजांनीं आलेलें परदेशचें कच्चें तेलहि शुद्ध होतें.

अशा कारखान्यांत कच्च्या तेलाचा पहिला संस्कार म्हणजे त्यांतील मीठ काढणें. मीठ तेलांत विरघळत नाहीं. तें तेलांत अडकलेल्या पाण्याच्या थेंबांत असतें. त्यांतील मॅग्नेशियमचे व कॅल्शियमचे क्षार पुढें भट्टींत तापले म्हणजे त्यांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल निघतें आणि तें मनोऱ्यांच्या व नळ्यांच्या पोलादास खाऊन टाकतें. तेव्हां तेल भट्टींत जाण्यापूर्वींच हे थेंब निघाले पाहिजेत.

येथें एक गंमत आहे. पाणी काढण्यासाठीं प्रथम पाणी घालतात. शेंकडा तीनपासून दहापर्यंत गोडें पाणी कच्च्या तेलांत मुद्दाम कालवितात, म्हणजे खारट थेंबांतील मीठ त्यांत उतरतें, आणि शिवाय थेंब दाट होऊन एकमेकांच्या जवळ येतात. अंतर निम्में झालें कीं ओढ सोळापट, हें वर सांगितलेंच आहे. पाणी घालण्यांतील दुसरें मर्म तेंच. नंतर हें मिश्रण ११० ते १५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून, दाबाखालीं ठेवून, म्हणजे पाणी उकळूं न देतां, एका आडव्या मोठ्या टाकींत सोडतात. उष्णतेनें तेल पातळ होतें व साय ढिली पडते. टाकीच्या वरच्या भागांत लोखंडी जाळ्या टांगलेल्या असतात व त्यांस दहा हजारांपासून पस्तीस हजार व्होल्टांपर्यंत वीज जोडलेली असते. जाळ्यांमधील ताण सेंटिमीटरास एक ते कांहीं हजार व्होल्ट इतका येतो. थेंब थेंबास मिळतात, जड होतात, तळाशीं साचतात. खारें पाणी खालून काढून टाकतात व तेल वरून घेतात. अशा एका टाकींत शेंकडा नव्वद किंवा त्याहून अधिक मीठ जातें, आणि एकामागें एक दोन टाक्या ठेविल्या तर शेंकडा नव्याण्णवपर्यंत. भारत पेट्रोलियमच्या मुंबईच्या कारखान्याची शक्ति वर्षास एक कोटि वीस लाख टन कच्चें तेल शुद्ध करण्याची आहे. म्हणजे दिवसास सुमारें तेहेतीस हजार टन. धुण्याचें पाणी शेंकडा पांच धरलें तरी रोज सोळाशें टनांवर पाणी अशा प्रमाणाच्या कारखान्यांत आंत जाऊन पुन्हा बाहेर यावें लागेल. तेंहि तेलाचा प्रवाह न थांबवितां. नुसतें निवळत ठेवून इतकें तेल निवळावयाचें तर टाक्यांस जागा कोठून आणावी?

परंतु विजेचा ताण वाढवीत गेलें म्हणजे काम वाढतच जाईल असें नाहीं. ताण अधिक झाला कीं थेंब ताणाच्या दिशेनें लांबट होतो, त्याचीं टोकें टोकदार होतात, आणि एका मर्यादेपलीकडे तो फुटून टोकांतून अतिशय बारीक तुषार उडवितो. म्हणजे जे मोठे करावयाचे तेच थेंब आपण पहिल्याहून लहान केले! केंब्रिजचे प्राध्यापक जी. आय. टेलर यांनीं १९६४ सालीं या फुटण्याचें गणित मांडलें. थेंबाची लांबी त्याच्या रुंदीच्या सुमारें १.९ पट झाली कीं तो टिकाव धरीत नाहीं, असें त्यांत निघालें. दुसरी अडचण अशी कीं तेलांत पाणी फार असेल तर थेंबांची ओळ एका जाळीपासून दुसरीपर्यंत पोंचते आणि तिच्यांतून वीज सरळ वाहूं लागते. कारखान्यांतील यंत्रणेंत अशा वेळीं प्रवाह आपोआप मर्यादेंत राहील अशी तजवीज केलेली असते. ओळ तुटते आणि काम पुन्हा चालू होतें.

आपल्या रोहित्रांत ही तजवीज नसते. तेथें याच ओळीचा घात होतो.

अकरा हजार व्होल्टांची वीज रोहित्रांत येते आणि सुमारें चारशें तेहेतीस व्होल्टांची होऊन आपल्या मोटारींकडे जाते. आंतील तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वेटोळ्यांवर कागद गुंडाळलेला असतो आणि तें सर्व तेलांत बुडविलेलें असतें. तेलाचीं कामें दोन; उष्णता बाहेर नेणें आणि विजेस वाट न देणें. कोरडें तेल दुसरें काम उत्तम करतें. त्याच्या परीक्षेंत दोन धातूचीं टोकें अडीच मिलिमीटर अंतरावर तेलांत धरून वीज वाढवीत नेतात. नव्या, न गाळलेल्या तेलानेंहि निदान तीस हजार व्होल्टांपर्यंत ठिणगी पडूं देतां कामा नये, असें भारतीय मानक आहे. पण त्यांत पाण्याचे थेंब किंवा कागदाचे ओले तंतु असले कीं ते, माहुलच्या टाकींतील थेंबांप्रमाणेंच, ताण जेथें अधिक तेथें ओढले जातात आणि ओळीनें उभे राहतात. ओळ पुरी झाली कीं ठिणगी पडते. तेथें वेटोळें जळतें, आणि त्या गांवाचे पंप थांबतात.

हें पाणी आंत येतें कोठून? रोहित्र श्वास घेतें. दिवसां भार पडून तेल तापतें, फुगतें व आंतली हवा बाहेर घालवितें. रात्रीं निवलें कीं आकसतें व बाहेरची हवा आंत ओढतें. पावसाळ्यांत ही हवा ओली असते. ती कोरडी करण्यासाठीं वाटेंत एक लहानसा डबा असतो व त्यांत सिलिका जेलचे दाणे भरलेले असतात. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात. नव्या जातीचे दाणे नारिंगी असून ओलीनें हिरवट होतात. गुलाबी झालेले दाणे म्हणजे रोहित्र आतां उघड्या तोंडानें श्वास घेत आहे अशी खूण होय. हा डबा पुष्कळ ठिकाणीं खालून दिसतो. ऑक्टोबरांत पंप सुरू करण्यापूर्वीं गांवच्या दोघां जाणत्यांनीं खालूनच, दुरून, दाण्यांचा रंग व कांचेंतील तेलाची पातळी पाहावी आणि लाइनमनास कळवावें. स्वतः खांबावर चढूं नये. दाणे बदलण्यास म्हणूनहि नाहीं. चोरांनीं तेल काढून नेल्यानें पातळी खालीं गेली असेल तर वेटोळें उघडें पडतें आणि तें सर्वांत वाईट.

येथें आम्हांस एक अप्रिय गोष्टहि सांगितली पाहिजे. जळणारें प्रत्येक रोहित्र पाण्यानेंच जळतें असें नाहीं. मंजुरी पांच अश्वशक्तीची आणि विहिरीवर मोटार साडेसात अश्वशक्तीची, वर आणखी कोणाचे आकडे. असा भार पडला म्हणजे तेल मर्यादेबाहेर तापतें. आणि तापण्यानें कागद कुजतो तेव्हां त्या कुजण्यांतूनच पाणी निघतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणजे बाहेरची हवा कितीहि कोरडी असो, अतिभारानें रोहित्र आपलें पाणी आपणच उत्पन्न करतें. तें पाणी प्रथम कागदांत मुरलेलें असतें, तेलांत विरघळलेलें असतें. तेल निवलें कीं थेंब होऊन वेगळें पडतें. जळालेलें रोहित्र उतरवून दुसरें येईपर्यंत जे दिवस जातात, ते मिरचीच्या व उसाच्या अंगावर जातात. त्यांत दोष दुसऱ्यांचाहि असेल. पण भाराचा दोष आपल्या हातांतला आहे.

रोहित्राचें बिघडलेलें तेल दुरुस्त करतांना विजेचा उपयोग करीत नाहींत, तर तें गरम करून, गाळून, निर्वात भांड्यांतून काढतात. याचें कारण असें कीं वीज फक्त थेंबांस ओढते. जें पाणी तेलांत विरघळून गेलें, ज्याचा थेंबच नाहीं, त्यास ओढावयास विजेजवळ कांहीं साधन नाहीं. आणि रोहित्राच्या तेलांत दहा लाखांत पन्नास भाग एवढें विरघळलेलें पाणीहि पुष्कळ समजलें जातें.

मग आपल्या टिपाडाचें काय? डिझेलांतील पाणी काढण्यासाठीं विजेचें कांहीं यंत्र कोणी विकावयास आणलें, तर तें घेऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. डिझेलाजवळ हजारों व्होल्टांची वीज आणि तिची ठिणगी नेणें म्हणजे घरास आग लावण्याची सोय करणें. शिवाय त्याची गरजच नाहीं. डिझेल पातळ असतें, आणि टिपाडांत शिरणारें पाणी बहुतेक पावसाचें किंवा ओलीचें असून त्याचे थेंब मोठे असतात. वरील हिशेबाप्रमाणें ते तासाभरांत तळ गांठतात. बारीक थेंबांस तीनचार दिवस लागतील. चार दिवस टिपाड न हलवितां ठेवणें, हें आपल्यास यंत्राहून स्वस्त आहे. लातूरकडे सोयाबीनच्या कच्च्या तेलांतील लेसिथिन काढावयाचें असतें तेव्हां अशा कारखान्यांतहि गरम पाणी घालून तें फुगवितात व वेगानें फिरणाऱ्या यंत्रानें वेगळें करतात. विजेची जाळी लावीत नाहींत. ज्या तेलास जी रीत लागू पडते ती निराळी असते.

इंजिनाच्या वंगणाच्या तेलांत पाणी गेलें आहे कीं काय, याची परीक्षा मात्र घरींच होते. तापलेल्या तव्यावर त्याचे दोन थेंब टाकावे. पाणी असेल तर फोडणीसारखे तडतडतील, नसेल तर नुसता धूर येईल. ही परीक्षा वंगणावरच करावी, डिझेलावर कदापि करूं नये. डिझेलासाठीं स्वच्छ कांचेची बाटली पुरे. तळचें तेल तींत काढून रात्रभर ठेवावें व सकाळीं तळाशीं रेघ दिसते का तें उजेडापुढें धरून पाहावें.

टिपाड ठेवण्याच्या रीतींतच पुष्कळ चूक होते. उभ्या टिपाडाच्या झांकणावर कांठाच्या आंत पावसाचें पाणी साचतें. दिवसां तेल फुगून बुचाच्या आट्यांतून हवा बाहेर जाते, आणि रात्रीं तें आकसलें कीं हवेऐवजीं तेंच पाणी आंत ओढलें जातें. बूच कितीहि आवळलेलें असो, हें होतेंच. म्हणून भरलेलें टिपाड आडवें ठेवावें, आणि दोन्ही बुचें घड्याळांतील तीन व नऊ या आंकड्यांच्या रेषेंत येतील असें फिरवून ठेवावें. म्हणजे तीं आंतून तेलांत बुडून राहतात व श्वासास वाट मिळत नाहीं. वापरावयास काढलेलें टिपाड लांकडी घोडीवर छपराखालीं ठेवून तोटीच्या उलट बाजूस किंचित् उतार द्यावा, पाणी त्या कोपऱ्यांत साचेल. तोटी बसविल्यापासून निदान रात्रभर तें हलवूं नये, आणि शेवटचें चार बोटें तेल इंजिनांत न ओततां बाटलींत निवळून पाहून मगच त्याचें काय करावयाचें तें ठरवावें. इंजिनाच्या टाकीखालचें लहान बूच रोज सकाळीं, इंजिन सुरू करण्यापूर्वीं, वाटीभर तेल निघेपर्यंत सैल करावें. रात्रभरांत जें पाणी बसलें असेल तें त्या वाटींत दिसतें.